सेवकांच्या मुलांचे शिक्षण : कोणत्या खात्यावर लिहावे?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या ट्रस्टला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना या व्याख्यानमालेत मला बोलावले, याबद्दल मी संयोजकांचा मनःपूर्वक ऋणी आहे. 'शिक्षण आणि समाज' असा विस्तीर्ण विषय त्यांनी मला सुचविला होता. त्या विषयाचा एक लहानसा कोपरा मी आज आपल्यासमोर मांडणार आहे. विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत नोकरी करणाऱ्या माणसांच्या मुलांना मिळणारी फीसवलत, हा तो कोपरा होय. माझी सारी नोकरी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात गेली आणि त्यातील बरीच वर्षे फी व सवलतींच्या टेबलावर गेली. त्यामुळे या विषयाची कागदोपत्री बाजू आणि खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या पालकांचे चेहरे, दोन्ही मी जवळून पाहिले आहे.

आपण म्हणाल, विद्यापीठाच्या नोकरांच्या मुलांचा आणि आपल्या ट्रस्टचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो फार निकटचा आहे. ट्रस्ट हीसुद्धा नोकरी देणारी संस्था आहे. मंदिरात पुजारी आहेत, पेढीवर मुनीम आहेत, भोजनशाळेत स्वयंपाकी आहेत, पाठशाळेत शिक्षक आहेत, दारात पहारेकरी आहेत. त्यांनाही मुले आहेत आणि ती मुलेही बारावीनंतर कुठेतरी जाऊ पाहतात. विद्यापीठांनी हा प्रश्न कसा हाताळला, त्यात काय साधले आणि काय हुकले, हे पाहिले तर आपल्याला आपला मार्ग ठरविणे सोपे जाईल.

आपण व्यापारी समाजातील माणसे आहोत. एखादी रक्कम किती, याइतकेच ती कोणत्या खात्यावर लिहायची, याला आपण महत्त्व देतो. म्हणून मी माझा प्रश्न त्याच भाषेत मांडतो. सेवकाच्या मुलाच्या शिक्षणासाठी संस्थेने दिलेला पैसा दानाच्या खात्यावर लिहायचा, मेहरबानीच्या खात्यावर लिहायचा, की पगाराच्या खात्यावर लिहायचा?

आपल्याच जिल्ह्यातील दोन उदाहरणे

या प्रश्नाचे पहिले उत्तर आपल्याला आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात सापडते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. त्यांचे वडील रामजी सकपाळ लष्करात होते आणि लष्करी शाळेत त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात सैनिकांच्या मुलामुलींसाठी शिक्षण सक्तीचे होते. ज्या काळात अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला गावची शाळा बंद होती, त्या काळात लष्करातील नोकराच्या घरी मात्र अक्षर पोहोचले होते. निवृत्तीनंतर रामजींचे कुटुंब काही काळ दापोलीच्या कॅम्पात राहिले आणि भीमरावांच्या शाळेची सुरुवातही दापोलीतच झाली. पुढचा इतिहास आपण सारे जाणतो.

कंपनीने ही सोय काही समाजसुधारणेच्या हेतूने केली नव्हती. तिला लिहिता-वाचता येणारे शिपाई आणि सुभेदार हवे होते. परंतु नोकरीबरोबर शिक्षण देण्याचा नियम झाला आणि तो सर्वांना लागू झाला. नियम सर्वांना लागू असल्यामुळे वरिष्ठांच्या मर्जीवर काही अवलंबून राहिले नाही. नोकराच्या मुलाला दिलेले शिक्षण एका पिढीत कुठवर जाऊ शकते, याचे याहून मोठे प्रमाण शोधण्याची आवश्यकता नाही.

दुसरे उदाहरण तर आपल्या खेड तालुक्यातीलच आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे घर दापोली तालुक्यातील मुरुडचे, परंतु त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी खेड तालुक्यातील शेरवली या आजोळच्या गावी झाला. १८९१ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले आणि १९१४ पर्यंत तेथे शिकवीत राहिले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य त्या काळी दरमहा सुमारे पंचाहत्तर रुपये घेऊन वीस वर्षे सेवा करण्याचे व्रत घेत. गोपाळ कृष्ण गोखले यांनीही ते व्रत घेतले होते. सरकारी नोकरीत याहून कितीतरी अधिक मिळाले असते. म्हणजे संस्था उभी राहिली ती शिक्षकांनी स्वतःच्या वेतनातून सोडून दिलेल्या पैशांवर. कर्व्यांनी तर हिंगण्याहून पुण्यापर्यंत पायी ये-जा करीत शिकविले आणि उरलेल्या वेळात विधवा स्त्रियांसाठी आश्रम चालविला. पुढे १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले.

मी हे का सांगतो? ज्ञानसंस्थेत काम करणारा माणूस बाजारभावापेक्षा कमी घेऊन काम करतो, ही आपल्या महाराष्ट्राची जुनी परंपरा आहे. ज्याने आयुष्यभर कमी घेतले, त्याचे काहीतरी संस्थेकडे येणे राहते. ते येणे मुलांच्या शिक्षणाच्या रूपाने फेडणे हा हिशेब चुकता करण्याचा सर्वांत योग्य मार्ग आहे. ज्या घरात बाप दुसऱ्यांच्या मुलांना शिकवितो, प्रयोगशाळेच्या काचा पुसतो किंवा ग्रंथालयाची दारे उघडतो, त्याच घरातील मूल फीअभावी घरी बसले, तर त्याला आपण 'दिव्याखाली अंधार' म्हणतो.

शासनाने काय केले?

आता व्यवहाराकडे येऊ. महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जावर काही आद्याक्षरे हमखास दिसत. ई. बी. सी., पी. टी. सी. आणि एस. टी. सी. यांपैकी पहिली सवलत आर्थिकदृष्ट्या मागास पालकांच्या मुलांसाठी होती. यशवंतराव चव्हाण यांच्या कारकिर्दीत ती आली तेव्हा उत्पन्नाची मर्यादा वर्षाला बाराशे रुपये होती. खेड्यापाड्यांतील किती घरांत त्यामुळे पहिला पदवीधर झाला, याची गणती नाही. दुसरी व तिसरी सवलत अनुक्रमे प्राथमिक व माध्यमिक शिक्षकांच्या पाल्यांसाठी होती. शिक्षकाचे मूल शिकताना त्याच्याकडून शिकवणी शुल्क घ्यायचे नाही, हे तत्त्व शासनाने त्यातून मान्य केले.

या सवलतींचा एक बारकावा मात्र पालकांच्या लक्षात उशिरा येई. सवलत मिळे ती शासनाने ठरविलेल्या प्रमाणित दराने. अनुदानित महाविद्यालयातील कला, वाणिज्य, विज्ञान शाखांत तेवढ्याने भागत असे. परंतु १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांचे पर्व सुरू झाले आणि फीचे आकडेच बदलले. शेकड्यांत असलेली फी हजारांत आणि हजारांतील फी लाखांत गेली. प्रमाणित दराची सवलत जागच्या जागी राहिली. अर्जावरची तीन अक्षरे तीच, पण त्यांचे वजन उतरले.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी मुलांच्या शिक्षणाचा भत्ता आहे. सातव्या वेतन आयोगानंतर १ जुलै २०१७ पासून तो दरमहा २२५० रुपये आणि वसतिगृहासाठी ६७५० रुपये असा ठरला. १ जानेवारी २०२४ पासून त्यात पंचवीस टक्के वाढ झाली. या आकड्यांकडे नीट पाहावे अशी माझी विनंती आहे. घराबाहेर राहणाऱ्या मुलासाठीची रक्कम घरी राहणाऱ्या मुलासाठीच्या रकमेच्या बरोबर तिप्पट आहे. मूल घराबाहेर राहिले की खर्चाचा मोठा भाग निवास आणि भोजनाचा असतो, हे सरकारी हिशेबानेच मान्य केले आहे. आणखी एक गोष्ट अशी की हा भत्ता बारावीपर्यंतच मिळतो. खर्चाचा खरा डोंगर ज्या इयत्तेपासून सुरू होतो, त्या इयत्तेच्या उंबरठ्यावर तो थांबतो.

आयकराच्या १९६२ च्या नियमांतही एक तरतूद कित्येक वर्षे होती. शैक्षणिक संस्थेने आपल्या कर्मचाऱ्याच्या मुलाला स्वतःच्या संस्थेत मोफत शिकविले, तर दरमहा एक हजार रुपयांपर्यंतच्या लाभावर त्या कर्मचाऱ्याला कर लागत नसे. कायद्याने हा लाभ नोकरीतून मिळालेला मानला आणि ठराविक मर्यादेपर्यंत तो करमुक्त ठेवला. आयकर खात्याने त्याला दान म्हटले नाही, हे आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

सवलत कोणाच्या कामी येते?

फीसवलतीचे तत्त्व चांगले असले तरी ती प्रत्यक्षात कोणाच्या पदरात पडते, हे तपासल्याशिवाय निर्णय देऊ नये. मी ज्या कार्यालयात होतो त्या संस्थेने सेवकांच्या मुलांना आपल्या महाविद्यालयात फी माफ करण्याचा ठराव केला होता. ठराव सर्वांसाठी होता. अर्ज मात्र बहुधा प्राध्यापकांच्या आणि कार्यालयीन अधीक्षकांच्या घरून येत. चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांचे अर्ज क्वचितच असत.

आमच्या एका शिपायाची मुलगी बारावीला उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली. तिला औषधनिर्माणशास्त्राला दुसऱ्या शहरात प्रवेश मिळत होता. संस्थेची माफी संस्थेच्याच महाविद्यालयापुरती होती आणि आमच्याकडे तो अभ्यासक्रम नव्हता. ती अन्यत्र गेली तर तिला एक रुपयाही मिळणार नव्हता. आमच्याकडे राहिली तर बी. ए. फुकट होणार होते. तिने बी. ए. केले. संस्थेच्या वार्षिक अहवालात तिचे नाव 'लाभार्थी' म्हणून छापून आले. तिच्या वडिलांनी तो अहवाल माझ्या टेबलावर आणून दाखविला आणि काही न बोलता परत नेला. संस्थेने नियमाप्रमाणे वागण्यात काहीच कसूर केली नव्हती. नियमच असा होता की तो वरच्या पायरीवरील माणसाला सोयीचा आणि खालच्या पायरीवरील माणसाला तोकडा पडावा.

कोकणात हा तोकडेपणा अधिक जाणवतो. खेडच्या मुलाला कोणता अभ्यासक्रम हवा आहे यावर त्याला चिपळूण, दापोली, रत्नागिरी किंवा मुंबई-पुणे गाठावे लागते. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली आणि मुंबई जवळ आली हे खरे. तरीही मुंबईत राहण्याचा खर्च काही त्यामुळे कमी झाला नाही.

दापोलीचेच उदाहरण घ्या. कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना १९७२ मध्ये झाली. पुढे त्याला डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव देण्यात आले. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून सिद्ध झालेली 'रत्ना' ही आंब्याची जात याच विद्यापीठाची देणगी आहे. आपल्यापैकी अनेकांच्या बागांत तेथील कलमे असतील. संशोधकाचे नाव शोधनिबंधावर येते आणि ते यायलाच हवे. पण कलम बांधणारे, रोपांना पाणी घालणारे, पक्ष्यांपासून फळे राखणारे हात कोणाचे असतात? कोणत्याही कृषी विद्यापीठाचे प्रक्षेत्र मजुरांशिवाय चालत नाही आणि त्यांतील बरेच जण रोजंदारीवर असतात. विद्यापीठ, महाविद्यालय, रुग्णालय, मंदिर यांपैकी कोणतीही संस्था घ्या. 'कर्मचारी' या शब्दाच्या व्याख्येत कोण येते आणि कोण बाहेर राहते, यावरच सवलतीचा कस लागतो. आज सफाई, पहारा, बागकाम ही कामे कंत्राटावर दिली जातात. तो माणूस दहा-दहा वर्षे त्याच आवारात राबतो, परंतु कागदावर तो संस्थेचा कोणीही नसतो.

परदेशातील एक धडा

अमेरिकेत अनेक खासगी विद्यापीठे कर्मचाऱ्यांच्या मुलांना फीमध्ये पूर्ण किंवा मोठी सूट देतात. काही ठिकाणी ही सूट त्या एका विद्यापीठापुरती नसते. स्टॅनफर्ड विद्यापीठ पात्र कर्मचाऱ्याच्या मुलाने अन्य मान्यताप्राप्त महाविद्यालयात प्रवेश घेतला तरी फीसाठी अनुदान देते आणि त्याची कमाल मर्यादा स्टॅनफर्डच्या स्वतःच्या फीच्या निम्मी असते. आमच्या शिपायाच्या मुलीला अशा नियमाची गरज होती.

तेथील १९८४ च्या कायद्याने या सवलतीला करमुक्त केले, पण एक अट घातली. भरघोस पगार घेणाऱ्यांना झुकते माप देणारी योजना असेल, तर त्या वरच्या लोकांना करमाफी मिळणार नाही. २०१७ मध्ये तेथील प्रतिनिधिगृहाने संमत केलेल्या करविधेयकात ही करमाफीच रद्द करण्याचा प्रस्ताव होता. तो कायदा झाला असता तर सूट मिळूनही तिच्यावर कर भरण्याची पाळी सेवकांवर आली असती आणि ज्यांचा पगार थोडा त्यांना ती सूट घेणेच जड गेले असते. विरोध झाला आणि अंतिम कायद्यातून तो प्रस्ताव वगळण्यात आला. श्रीमंत देशाची ही गोष्ट आपण जशीच्या तशी उचलू शकत नाही, पण सवलतीचा तराजू वरच्या बाजूला झुकू नये हा विचार मात्र घेण्यासारखा आहे.

येथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. कर्मचाऱ्यांच्या मुलांना सवलत म्हणजे वशिल्याला राजमार्ग नव्हे काय? याचे उत्तर देताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतील, जागा आणि फी. दिल्ली विद्यापीठात कर्मचाऱ्यांच्या पाल्यांसाठी ठरलेल्या जागांखेरीज वेगळ्या जागा असतात. तेथील परिस्थितीवर मी भाष्य करीत नाही. माझे स्वतःचे मत असे की प्रवेश गुणांवरच व्हावा. बापाच्या नोकरीमुळे कमी गुणांच्या मुलाला जागा मिळाली तर त्याची किंमत दुसरा कोणीतरी मुलगा मोजतो. फीच्या सवलतीची किंमत मात्र संस्था स्वतः मोजते. गुणांनी मिळविलेली जागा पैशांअभावी सुटू नये, एवढीच जबाबदारी संस्थेची आहे आणि तेवढी तिने अवश्य उचलावी.

आपल्या पूर्वजांनी काय केले?

जैन समाजाला हा विचार नवा नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी शेठ माणेकचंद हिराचंद यांनी मुंबईत आपल्या वडिलांच्या नावाने जैन विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उभारले. आचार्य विजयवल्लभसूरीश्वरजी महाराजांच्या प्रेरणेने १९१४ मध्ये महावीर जैन विद्यालयाची स्थापना झाली. तेथील विद्यार्थ्याला मिळणारे साहाय्य कर्जरूप शिष्यवृत्तीचे असे. कमावता झाल्यावर त्याने ते परत करावे आणि त्यातून पुढच्या मुलाने शिकावे, अशी ती योजना होती. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने १८९९ पासून शिक्षणाचे कार्य हाती घेतले आणि कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्यांत कुंभोजचे भाऊराव पाटील होते.

कर्मवीर भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत. त्या मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडले. भाऊरावांनी 'कमवा आणि शिका' हा मार्ग दाखविला, कारण फुकट मिळालेल्या भाकरीने मुलाची मान खाली जाऊ नये, अशी त्यांची तळमळ होती.

या सर्वांच्या लक्षात एक गोष्ट आली होती. त्यांनी फीपेक्षा वसतिगृहावर अधिक पैसा आणि श्रम खर्च केले. गावाकडच्या मुलाला प्रथम डोक्यावर छप्पर आणि दोन वेळचे जेवण हवे असते, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले. आजच्या सवलतींचे नियम करणाऱ्यांना ते पुन्हा समजून घ्यावे लागत आहे.

खात्याचा प्रश्न

आता मी आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. मंदिरातील बोली-चढाव्याची रक्कम देवद्रव्यात जाते आणि ती जिनालयाखेरीज अन्यत्र वापरता येत नाही, हे आपण सर्व जाणतो. त्या मर्यादेला मी हात लावीत नाही. ज्ञानखात्यालाही त्याची स्वतःची मर्यादा आहे. सेवकाच्या मुलाच्या फीसाठी पैसा काढायचा झाल्यास आपल्यापुढे दोन खाती उरतात, अनुकंपा आणि साधारण.

आपले पुजारी, स्वयंपाकी, पहारेकरी हे बहुधा अन्य समाजांतील असतात. त्यामुळे त्यांना मदत करायची वेळ आली की ती अनुकंपा खात्यात लिहिण्याकडे आपला कल होतो. हेतू चांगला असतो. परंतु अनुकंपा दाखविली जाते ती दुःखितावर. जो माणूस पहाटे आपल्या आधी उठून मंदिराचे दार उघडतो, ज्याच्या हातचे आपण आयंबिलला जेवतो, तो दयेचा धनी नाही. त्याचे आपल्याकडे येणे आहे. म्हणून त्याच्या मुलाच्या शिक्षणाची रक्कम साधारण खात्यातून, वेतनाच्या शीर्षाखाली लिहिली जावी, असे माझे नम्र प्रतिपादन आहे. खाते बदलले की देणाऱ्याची नजर बदलते आणि घेणाऱ्याची मानही बदलते.

आपल्या धर्माने श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत आश्रितावर अतिभार लादणे आणि त्याचे अन्नपाणी रोखणे हे दोन अतिचार आहेत. आपण ते बहुधा पशूंच्या संदर्भात ऐकतो, पण राबणाऱ्या माणसालाही ते लागू आहेत. काम पूर्ण घेणे आणि योग्य मोबदला रोखून धरणे, हेही त्याच जातीचे आहे. अहिंसेची सुरुवात पेढीवरच्या वेतनपत्रकापासून होते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

२००५ आणि २०२१ च्या जुलै महिन्यांत जगबुडीचे पाणी आपल्या बाजारपेठेत शिरले, ते आपण विसरलेलो नाही. अशा रात्री दुकानातील वह्या आणि माल वरच्या मजल्यावर कोण चढवितो, याची आठवण प्रत्येकाने आपापल्या घरी करावी. त्या हातांना आपण त्या महिन्यात जास्तीचे काही दिले असेलही. त्यांची मुले पुढे काय शिकली, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

काही सूचना

सुवर्णमहोत्सवाचे औचित्य साधून ट्रस्टने पुढील गोष्टींचा विचार करावा, अशी माझी विनंती आहे.

पहिली गोष्ट, नियम लेखी असावा. सेवेची तीन किंवा पाच वर्षे पूर्ण झाली की हक्क प्राप्त व्हावा. विश्वस्तांच्या दारी चपला झिजविण्याची वेळ कोणावर येऊ नये.

दुसरी, वेतन जितके कमी तितके साहाय्य अधिक असावे. मुनीमांच्या मुलाला निम्मी फी दिली तर झाडलोट करणाऱ्याच्या मुलाला पूर्ण द्यावी.

तिसरी, मुलगा कोणत्या गावी आणि कोणत्या मान्यताप्राप्त संस्थेत शिकतो, याची अट नसावी. फीबरोबर वसतिगृह आणि खाणावळीचाही समावेश व्हावा.

चौथी, कंत्राटदारामार्फत येणारा परंतु वर्षानुवर्षे आपल्याच आवारात काम करणारा माणूसही यात यावा. सेवेत असताना सेवकाचे निधन झाले, तर त्याच्या मुलांचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत साहाय्य थांबू नये.

पाचवी, रक्कम थेट महाविद्यालयात भरावी. धनादेश देतानाचे छायाचित्र काढू नये आणि फलकावर नाव लिहू नये. पगाराचे छायाचित्र कोणी काढत नाही.

सहावी गोष्ट माहितीची आहे. ट्रस्टने पैसा देण्यापूर्वी शासनाच्या योजनांचा लाभ मिळवून द्यावा. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयानुसार, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना, केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांत गेल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झाले. आपल्या समाजाला २७ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्या अनुषंगाने असलेल्या योजनांची माहितीही अनेक घरांत पोहोचलेली नाही. आपल्या पेढीवर आठवड्यातून एक संध्याकाळ दोन सुशिक्षित तरुण संगणक घेऊन बसले आणि त्यांनी अर्ज भरून दिले, तर आपल्या समाजातील मुलांचा आणि सेवकांच्या मुलांचा एकदमच लाभ होईल. त्याला खर्च जवळजवळ नाहीच.

आता हिशेब. समजा आपल्याकडे बारा सेवक आहेत आणि त्यांची पाच मुले एका वेळी महाविद्यालयात आहेत. शासकीय सवलत वजा जाता प्रत्येकामागे सरासरी चाळीस हजार रुपये लागले, तर वर्षाला दोन लाख होतात. साडेसहा टक्के व्याज धरले तर सुमारे एकतीस लाखांचा कायम निधी हे काम कायमचे पेलू शकेल. साधारण खाते सर्वत्र तंगीत असते, याची मला कल्पना आहे. बोलीला उत्साह असतो, साधारणला नसतो. परंतु या सभागृहातील शंभर कुटुंबांनी दरवर्षी प्रत्येकी दोन हजार रुपये दिले तरी निधीची वाट न पाहता याच वर्षी आरंभ करता येईल. दोन हजार रुपये म्हणजे महिन्याला एकशे सदुसष्ट रुपये. आपल्यापैकी कोणाच्याही घरी तेवढ्याने काही अडत नाही.

कोणी म्हणेल, मुले शिकली तर पुढच्या पिढीत पुजारी आणि स्वयंपाकी कोठून मिळतील? ही शंका माझ्या कानावर आली आहे, म्हणून तिचा उल्लेख करतो. सेवकाचे मूल अशिक्षित राहावे यावर ज्या संस्थेचे चालणे अवलंबून आहे, तिने पन्नास वर्षांचा उत्सव कोणत्या तोंडाने करावा? चांगले वेतन आणि मुलांच्या शिक्षणाची हमी असेल तर चांगली माणसे या कामाला आपणहून येतील. आज ती येत नाहीत याचे कारणही आपल्या वेतनपत्रकातच सापडेल.

ट्रस्टची पन्नास वर्षे ज्यांच्या दानाने उभी राहिली त्यांची नावे या स्मरणिकेत आदराने छापली जातील, आणि ते उचितच आहे. ज्यांच्या श्रमाने ही पन्नास वर्षे चालली त्यांच्या मुलांसाठी विश्वस्त मंडळाने येत्या सर्वसाधारण सभेत एक ठराव आणावा आणि आपण सर्वांनी तो एकमताने संमत करावा, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.